दुखणे शरीराचे, शिक्षा डोळ्यांना

चष्म्याच्या दुकानात नेहमी दिसणारे हे दृश्य. पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ कुरकुरत आत येतात, "सहा महिन्यांपूर्वीच नंबर काढला होता, पण पुन्हा धूसर दिसतंय." दुकानदार त्यांना यंत्रासमोर बसवतो, भिंगे बदलून भिंतीवरची अक्षरे वाचायला लावतो आणि नवा नंबर लिहून देतो. दोनतीन आठवडे बरे जातात. मग तो चष्माही नकोसा होतो. काच हलकी निघाली, दुकानदाराला नंबर काढता येत नाही, असा निकाल घरातली मंडळी देऊन मोकळी होतात. रक्तातली साखर तपासून पाहावी, असे मात्र कुणालाच सुचत नाही.

वास्तविक वारंवार बदलणारा नंबर हे मधुमेहाचे जुने, डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचे लक्षण आहे. रक्तातील साखर वाढली की ती डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगातही साठते. तिच्या पाठोपाठ पाणी आत ओढले जाते, भिंग फुगते आणि लांबचे धूसर दिसू लागते. गंमत म्हणजे चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या एखाद्याला अशा वेळी चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येऊ लागते आणि 'आजोबांची नजर परत आली' म्हणून घरात पेढेही आणले जातात! औषध सुरू होऊन साखर खाली आली की भिंग पुन्हा बदलते आणि नंबरही. म्हणूनच साखर काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नये, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात.

डोळा हा चेहऱ्यावर बसवलेला स्वतंत्र कॅमेरा आहे, अशी आपली समजूत असते. म्हणून डोळ्याची तक्रार आली की औषधही डोळ्यातच टाकायचे. मग ते गुलाबपाणी असो, मध असो किंवा शेजाऱ्यांच्या घरात उरलेले थेंब. पण डोळ्याला रक्तपुरवठा होतो तो हृदयातून निघून मानेतून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमार्फत. डोळ्यामागची नस तर थेट मेंदूचाच भाग आहे. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, सांधे, रक्त, यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी त्याची झळ डोळ्यांपर्यंत पोचू शकते.

शरीर न कापता रक्तवाहिन्या उघड्या पाहता येतील अशी जागाही एकच, ती म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, ज्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले आणि डॉक्टरांना जणू शरीराची खिडकी सापडली. रक्तदाबाने, मधुमेहाने शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांचे काय चालवले आहे, याचा अंदाज या पडद्यावरून येतो. दुर्दैव असे की बहुतेक लोक ही खिडकी उघडायला जातात ते घर अंधारल्यावर.

दिसते चांगले, तरीही धोका

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेएकतीस कोटी लोकांना उच्च रक्तदाब. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय नेत्र सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी जवळजवळ १७ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम आढळले. म्हणजे अशा दर सहा रुग्णांमागे एक.

हे घडते कसे? वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे पडद्यावरील केसासारख्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे येतात. त्यातून रक्त, पाणी आणि चरबीयुक्त द्रव झिरपतो. हा द्रव पडद्याच्या मध्यबिंदूवर, म्हणजे जिथून आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसांचे चेहरे ओळखतो त्या जागी साठला की नजर मंदावते. पुढच्या टप्प्यात रक्तवाहिन्या बंद पडू लागतात. उपाशी पडलेला पडदा नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा संदेश देतो आणि त्या उगवतातही. पण त्या असतात अगदी तकलादू. एखाद्या दिवशी त्यातली एक फुटते आणि डोळ्यासमोर काळे ठिपके, कोळिष्टके किंवा लालसर धूर तरंगू लागतो. नव्या वाहिन्यांबरोबर वाढलेले तंतू आक्रसले तर पडदाच ओढून सुटा करतात.

या सगळ्यात दुखत काहीच नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, खुपत नाही. पडद्याचा मध्यबिंदू शाबूत असेपर्यंत तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. त्यामुळे "मला स्पष्ट दिसतं, मग डॉक्टरकडे कशाला?" या प्रश्नाने जितक्या लोकांची नजर घालवली असेल, तितकी औषधाच्या अभावानेही घालवली नसेल. आणि गेलेली नजर पूर्णपणे परत आणणे बहुधा डॉक्टरांच्या हाती नसते. आहे ती वाचवणे मात्र बऱ्याच अंशी असते.

त्यासाठी काय करावे, याबाबत वैद्यकशास्त्रात आता फारसा वाद उरलेला नाही. अमेरिका व कॅनडामध्ये १,४४१ रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली जाहीर झाले. लहान वा तरुण वयात होणाऱ्या, इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहात साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, तर पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाबद्दल ब्रिटनमध्ये असाच दीर्घ अभ्यास झाला. १९९८ साली त्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मधुमेहींचा रक्तदाब नीट आटोक्यात ठेवला तर पडद्याचा विकार वाढण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. म्हणजे साखरेची गोळी नेमाने घ्यायची आणि रक्तदाबाची मात्र 'आज बरं वाटतंय' म्हणून टाळायची, हा हिशेब डोळ्यांना परवडणारा नाही.

पडदा बिघडू लागलाच तर लेसर किरणांनी त्याचा उपाशी भाग शेकून नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखता येते. मध्यबिंदूवर सूज असेल तर डोळ्यात विशिष्ट औषधाची इंजेक्शने देतात. डोळ्यात इंजेक्शन हे शब्द ऐकूनच अनेक जण दवाखान्याची पायरी सोडतात. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करून ते दिले जाते आणि काम काही सेकंदांचे असते. त्रास वेगळाच आहे : ते एकदा घेऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावे लागते आणि खर्चही होतो. दोन इंजेक्शनांनंतर बरे दिसू लागले म्हणून पुढची तारीख चुकवणारे बरेच असतात. सूज परत आली की तेच लोक 'उपचार फुकट गेला' म्हणतात.

मोठ्या वयातल्या मधुमेहात रोगाचे निदान झाले की त्याच वेळी पडदा तपासून घ्यावा, कारण रोग कळण्याआधी कित्येक वर्षे तो शरीरात मुक्काम करून असू शकतो. इन्सुलिनवरच्या मधुमेहात पाच वर्षांनी पहिली तपासणी पुरते. पुढे दोघांनीही वर्षातून एकदा, आणि दोष आढळला तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहून घ्यायला हवा. गर्भारपणात हा विकार झपाट्याने वाढू शकतो.

रक्तदाब आणि एका डोळ्याचा काळोख

सकाळी तोंड धुताना आरशात पाहावे तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक रक्ताचा डाग! घरात एकच धावपळ उडते. हा डाग दिसायला भयंकर असला तरी बहुधा निरुपद्रवी असतो. जोराचा खोकला, शिंक किंवा जड वजन उचलल्यामुळे वरवरची बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते आणि आठदहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांत डाग आपोआप विरून जातो. फक्त त्या निमित्ताने रक्तदाब मोजून घ्यावा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घालावे.

खरे भय आत, न दिसणाऱ्या ठिकाणी असते. उच्च रक्तदाबाने पडद्यावरील धमन्या अरुंद व कडक होतात आणि ज्या ठिकाणी त्या शिरांवरून जातात तिथे शिरा दाबतात. कीथ, वॅगनर आणि बार्कर या अमेरिकी डॉक्टरांनी १९३९ सालीच पडद्यावरील खुणांवरून रक्तदाबाच्या रुग्णांच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. चौथ्या पायरीवर डोळ्यामागची नस सुजते. त्या काळी रक्तदाबावर परिणामकारक औषधे नव्हती आणि या पायरीवरचे बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, पण डोळ्यामागची सूज पाहिली की डॉक्टर आजही रुग्णाला घरी न पाठवता थेट रुग्णालयात दाखल करतात.

दाबली गेलेली शीर एखाद्या दिवशी तुंबते. मग एका डोळ्याला एकाएकी अंधुक दिसू लागते. पण दुसरा डोळा चांगला असल्यामुळे हे कित्येकदा आठवडेच्या आठवडे लक्षातच येत नाही. कुंकू लावताना किंवा दाढी करताना योगायोगाने चांगला डोळा झाकला जातो, तेव्हा कळते. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी अधूनमधून एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहावे. याला पैसा लागत नाही.

याहून तातडीची बाब म्हणजे धमनी बंद पडणे. एका डोळ्यापुढे एकाएकी पूर्ण काळोख येतो, दुखत मात्र नाही. मेंदूला जसा झटका येतो तसाच हा डोळ्याचा झटका. हातात असतात ते काही तासच. कधी कधी झटक्याआधी इशारा मिळतो : एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखे होते आणि काही मिनिटांत सगळे पूर्ववत दिसू लागते. "ऊन लागलं असेल", "पित्त झालं असेल" म्हणून लोक ते सोडून देतात. प्रत्यक्षात मानेतल्या मोठ्या धमनीत साचलेल्या चरबीचा कण सुटून डोळ्यात जाऊन आल्याची ती खूण असू शकते. पुढचा कण मेंदूत जाणार नाही, याची हमी कुणी देऊ शकत नाही. नजर परत आली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

गर्भवती स्त्रीला शेवटच्या महिन्यांत डोळ्यापुढे काजवे चमकल्यासारखे दिसू लागले, डोके दुखू लागले, तर 'अशक्तपणा' म्हणून लिंबू सरबत देत बसू नये. वाढत्या रक्तदाबाची ती धोक्याची सूचना असू शकते आणि त्यात आई व बाळ दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो.

वटारलेले डोळे

"सूनबाई हल्ली सगळ्यांकडे डोळे वटारून पाहते," अशी तक्रार करण्यापूर्वी सासूबाईंनी तिचे वजन उतरले आहे का, हात थरथरतात का, छातीत धडधडते का, हे विचारून पाहावे. थायरॉइड ग्रंथीच्या एका विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि कित्येकदा डोळ्यामागील स्नायू व चरबीवरही. ते सुजले की डोळे पुढे येतात, वरची पापणी मागे खेचली जाते आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसू लागतो. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली या विकाराचे वर्णन केले म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. तो स्त्रियांना अधिक होतो. मात्र डोळ्यांचा गंभीर त्रास पुरुषांत जास्त आढळतो.

चेहरा बदलला म्हणून बाई खंतावते, लग्नसमारंभाला जायचे टाळते. पण प्रश्न फक्त दिसण्याचा नसतो. झोपेतही पापण्या पूर्ण मिटत नाहीत, बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होते, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि क्वचित सुजलेले स्नायू डोळ्याच्या नसेलाच आवळतात. रंग फिके दिसू लागले तर हे आवळणे सुरू झाले असावे. रक्तातील थायरॉइडचे आकडे सुधारले म्हणजे डोळेही आपोआप सुधारतील, असेही नाही. त्यांची वेगळी देखभाल करावी लागते. आणि सिगारेट, बिडी ओढणाऱ्याला तर हा आजार विशेष छळतो.

कंबर दुखते, डोळा लाल होतो

एखाद्या तरुणाची सकाळी उठल्यावर कंबर ताठलेली असते, हालचाल केली की मोकळी होते. त्याला अधूनमधून एका डोळ्यात दुखते, तो लाल होतो, उजेड सहन होत नाही. कंबरेसाठी तो हाडांच्या डॉक्टरकडे जातो आणि डोळ्यासाठी औषधाच्या दुकानात. 'डोळे आले' म्हणून मिळालेले थेंब काही दिवस घालतो. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल, हे त्याच्या गावीही नसते. मणक्याच्या एका संधिवातात साधारण चौघांमागे एकाला तरी कधी ना कधी डोळ्याच्या आतली ही सूज येते. डोळे आल्यावर पाणी, चिपडे येतात. इथे दुखणे आणि उजेडाचा त्रास मुख्य असतो. वेळेवर औषध न मिळाल्यास बाहुली आतल्या भिंगाला चिकटून बसते.

हातापायांची बोटे सुजणाऱ्या संधिवातात डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. त्यावर दिली जाणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी चांगली आहे, पण ती वर्षानुवर्षे घेतल्यास पडद्याला अपाय करू शकते. म्हणून ती सुरू झाल्यावर एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी डोळे तपासावे लागतात.

गोळी एकीकडची, परिणाम दुसरीकडे

क्षयरोगाबाबत हे अधिकच खरे. या रोगाचे जंतू डोळ्यातही घर करतात. शिवाय उपचारातील इथॅम्ब्युटॉल हे औषध काही थोड्या रुग्णांच्या डोळ्याच्या नसेला बाधते. लाल आणि हिरव्या रंगातला फरक पुसट होऊ लागतो, मधोमध धूसर दिसते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना धोका जास्त असतो. औषध वेळीच थांबवले तर नजर बहुधा सुधारते, उशीर झाला तर सुधारेलच असे नाही. पण ते थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचा. आपल्या मनाने क्षयाची औषधे बंद करणे म्हणजे औषधाला दाद न देणारा क्षय ओढवून घेणे होय. रंग वेगळे दिसू लागताच दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन सांगायचे, एवढेच रुग्णाचे काम. साडीचा काठ किंवा सिग्नलचा दिवा नेहमीसारखा दिसतो ना, हे घरच्यांनीही विचारत राहावे.

दमा, त्वचारोग, सांधेदुखी यांवर दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांना कमी वयात मोतीबिंदू होऊ शकतो. डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आली तर काय घडते, हे महाराष्ट्राने २०२१ साली जवळून पाहिले. कोरोनातून उठलेल्या रुग्णांच्या नाकातून काळ्या बुरशीचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत पसरला आणि प्राण वाचवण्यासाठी अनेकांचा डोळा काढावा लागला. त्या वर्षी जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

मुलांच्या डोळ्यांतली भूक

डोळ्यांचे आजार मोठ्यांनाच होतात असे नाही. दिवेलागणीनंतर मूल ठेचकाळू लागले, समोरचे ताट चाचपू लागले तर ते वेंधळे आहे असे समजू नये. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसू लागतात आणि पुढे बुबुळच विरघळते. गोवर किंवा जुलाबांनंतर तर हे अतिशय वेगाने होते. भारतात १९७० सालापासून मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबत पहिला डोस असतो आणि पाच वर्षांचे होईपर्यंत एकूण नऊ डोस. पहिले एकदोन बहुतेक घरांत होतात. चालायला लागलेले मूल पुढच्या डोसांसाठी न्यायचे मात्र राहून जाते. शेवग्याचा पाला, माठ, पालक, गाजर, पिकलेली पपई आणि आंबा यांत हे जीवनसत्त्व भरपूर तयार होऊ शकते. जेवणात थोडे तेल किंवा तूप असले म्हणजे ते अंगी लागते.

खालची पापणी ओढून आतला फिकेपणा पाहणे ही पंडुरोग ओळखण्याची युक्ती घरोघरी ठाऊक असते. काविळीत डोळे पिवळे होतात हेही. मात्र काविळीचा पिवळेपणा दिव्याच्या उजेडात चकवतो, तो दिवसाउजेडी पाहावा. चाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरट कडे दिसले किंवा पापण्यांवर पिवळसर चट्टे उठले, तर रक्तातील चरबी तपासणे शहाणपणाचे ठरते.

सततच्या डोकेदुखीसाठी चष्म्याचा नंबर काढायला जाणाऱ्यांनीही एकदा पडदा पाहून घ्यावा. वाकल्यावर क्षणभर अंधारी येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, पहाटे उलटीसह डोके दुखणे, ही डोक्यातील दाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. वाढलेल्या दाबाने डोळ्याची नस सुजते आणि ती सूज नेत्रतज्ज्ञाला दिसते. दोन्ही बाजूंचे, म्हणजे कानाकडचे दिसेनासे होऊन दारांना खांदे आपटू लागले, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ शोधावी लागते.

तपासणीला जाताना

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला जातो, पडदा पाहिला जात नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून घ्यावे लागतात. थेंब घातल्यावर अर्धा-पाऊण तास थांबावे लागते, नंतर चारसहा तास जवळचे अंधुक दिसते आणि ऊन डोळ्यांवर येते. त्यामुळे स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये. कुणाला तरी सोबत न्यावे आणि गडद चष्मा जवळ ठेवावा. काही ठिकाणी आता थेंब न घालताही पडद्याचे छायाचित्र काढणारे कॅमेरे आहेत. ते छायाचित्र संगणकाकडून तपासून घेण्याचे प्रयोग भारतातील नेत्र रुग्णालयांतही झाले आहेत. ही सोय जवळच्या सरकारी रुग्णालयात आहे का, याची चौकशी जरूर करावी.

जाताना साखरेचे आणि रक्तदाबाचे अलीकडचे कागद न्यावेत, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही. "डोळ्याच्या डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळ्यांशी काय करायचंय?" असे म्हणून पिशवीत मागे राहते, नेमके तेच पाकीट त्यांना पाहायचे असते.